रक्तातली चरबी ठीक, तरी रक्तदाब का चढला?

वाचकाचे पत्र: माझे वय ६१ असून मी निवृत्त शिक्षिका आहे. आठ वर्षांपासून रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोन एकत्र असलेली गोळी रोज सकाळी घेते आणि वरचा आकडा १३० च्या आसपास राहत असे. दोन महिन्यांपूर्वी गुडघे फार दुखू लागले म्हणून मेडिकलमधून डायक्लोफेनॅकची गोळी आणली आणि ती रोज घेऊ लागले. मागच्या आठवड्यात रक्तदाब १५८/९२ निघाला. चरबी वाढली असेल म्हणून लिपिड प्रोफाइल केले, तर एलडीएल ९८, ट्रायग्लिसराइड १३०, सगळे ठीक. डॉक्टर म्हणाले, "गुडघ्याची गोळी आधी थांबवा, तिच्यामुळे रक्तवाहिन्या सैल ठेवणारे लिपिड कमी झाले आहेत." मी गोंधळले आहे. लिपिड कमी होणे चांगले ना? मी तर तूपही बंद केले आहे. शिवाय माझे यजमान अँजिओप्लास्टीनंतर रोज ७५ मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन घेतात आणि पाठ दुखली की आयबुप्रोफेनही घेतात. अ‍ॅस्पिरिनही वेदनाशामकच आहे, मग ते त्यांना चालते आणि मला माझी गोळी का चालत नाही? ता. क. सुनेला सातवा महिना आहे. तिची कंबर दुखत होती म्हणून माझ्याच गोळ्या दोन दिवस दिल्या, आराम पडला.
— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

तुम्ही ताजा कलम म्हणून लिहिलेली ओळ मी सर्वांत आधी घेते, कारण ती थांबण्यासारखी नाही. सुनेला ती गोळी यापुढे एकही देऊ नका आणि तिने दोन दिवस कोणती गोळी, किती घेतली हे आजच तिच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना फोन करून सांगा. घाबरून जाऊ नका. दोन दिवसांच्या गोळ्यांचा परिणाम बहुतेक वेळा गोळी थांबवल्यावर मागे फिरतो, पण बाळाच्या हृदयाची आणि गर्भजलाची सोनोग्राफी करायची की नाही, हे ठरवण्यासाठी डॉक्टरांना ही माहिती असलीच पाहिजे. पोटातल्या बाळाची फुप्फुसे श्वास घेत नसतात, म्हणून हृदयाच्या उजव्या बाजूचे बरेचसे रक्त फुप्फुसांकडे न जाता एका आखूड जोडवाहिनीतून थेट महाधमनीत जाते. या जोडवाहिनीच्या भिंतीत भरपूर स्नायू असतो आणि तो आवळला जाऊ नये म्हणून प्रोस्टाग्लँडिन ई-२ नावाचा एक स्निग्ध रेणू गर्भकाळभर त्याला सैल ठेवतो. डायक्लोफेनॅक हा रेणू तयारच होऊ देत नाही, त्यामुळे जन्मानंतर मिटायची वाहिनी जन्माआधीच आवळू लागण्याचा धोका असतो आणि दिवस भरत जातात तसा हा धोका वाढतो. बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊन गर्भजलही कमी होऊ शकते, आणि म्हणूनच अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये विसाव्या आठवड्यापासूनच या गटाची औषधे टाळण्याची सूचना दिली. मात्र डॉक्टरांनी गरोदरपणातला रक्तदाब टाळण्यासाठी सुनेला कमी मात्रेचे अ‍ॅस्पिरिन दिले असेल, तर ते माझे हे उत्तर वाचून परस्पर बंद करू नका. त्यामागचे कारण निराळे आहे.

तुमच्या प्रश्नाचे उत्तरही याच जोडवाहिनीत आहे, म्हणून तिच्याविषयी आणखी थोडे सांगते. काही बाळे जन्मतःच अशा हृदयदोषासह येतात, की ही वाहिनी उघडी राहिली तरच त्यांच्या शरीराला रक्त किंवा प्राणवायू पुरेसा मिळतो. त्यांना शस्त्रक्रिया होईपर्यंत प्रोस्टाग्लँडिन ई-१ शिरेतून सतत देऊन ती उघडी ठेवतात. उलट अपुऱ्या दिवसांच्या काही बाळांमध्ये ती मिटत नाही, तेव्हा इंडोमेथॅसिन किंवा आयबुप्रोफेन देऊन ती मिटवण्याचा प्रयत्न करतात. स्नायू तोच आणि भिंतही तीच, पण एक स्निग्ध रेणू असला की वाट उघडी राहते आणि तो नसला की मिटते. तुमच्या डॉक्टरांनी 'रक्तवाहिन्या सैल ठेवणारे लिपिड' म्हटले, ते याच कुळातले.

गोंधळ शब्दामुळे झाला आहे आणि त्यात तुमची चूक नाही. प्रयोगशाळेचा अहवाल ज्यांना लिपिड म्हणतो, ते कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड रक्तातून प्रथिनांच्या वेष्टनात बांधून इकडून तिकडे नेले जात असतात आणि दर डेसिलिटरला अमुक मिलिग्रॅम असे मोजता येतात. डॉक्टरांच्या बोलण्यातले लिपिड या अहवालात कधीच दिसणार नाहीत. ते रक्तवाहिनीच्या पेशींमध्ये गरजेच्या क्षणी अतिशय अल्प प्रमाणात तयार होतात, शेजारच्या पेशीला निरोप देतात आणि नाहीसे होतात. थ्रॉम्बॉक्सेन ए-२ नावाचा असा एक रेणू तयार झाल्यापासून सुमारे ३० सेकंदांत निम्मा उरतो. कोठीतली धान्याची पोती मोजून चुलीवर आज काय शिजते आहे ते कळत नाही, तसेच लिपिड प्रोफाइल पाहून तुमच्या धमन्या या घडीला आवळलेल्या आहेत की सैल, हे कळत नाही. तुमचा अहवाल चांगला आहे आणि तुमचा रक्तदाब चढलेला आहे, या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

आता हा स्नायू आवळतो कसा ते पाहू. रक्तदाब मुख्यतः ठरतो तो बारीक धमन्यांमध्ये, ज्यांच्या भिंतीत अनैच्छिक स्नायूंच्या पेशी वाहिनीभोवती कड्यासारख्या गुंडाळलेल्या असतात. इथे थोडासा फरक फार मोठा ठरतो, कारण नळीतून वाहणारा प्रवाह तिच्या त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. त्रिज्या केवळ १० टक्के कमी झाली तरी, दाब तोच राहिल्यास, प्रवाह जवळजवळ एक तृतीयांशाने घटतो. तेवढेच रक्त पुढे ढकलायचे तर दाब वाढवावा लागतो. स्नायूपेशीत कॅल्शियम वाढले की ते कॅल्मोड्युलिन नावाच्या प्रथिनाला चिकटते, त्यामुळे एक विकर (एन्झाइम) जागे होते, ते मायोसिन या प्रथिनावर फॉस्फेटचा गट बसवते आणि पेशी आखडते. दुसरे एक विकर हाच फॉस्फेट काढून टाकत असते, म्हणजे पेशी सैल करत असते. आवळण्याचा जोर या दोघांच्या ओढाताणीवर ठरतो आणि स्निग्ध रेणू या दोघांवरही हात ठेवून असतात.

पेशीचे पटल म्हणजे नुसते आवरण, असे आपण शाळेत शिकलो आणि कदाचित तुम्हीही वर्गात असेच शिकवले असेल. प्रत्यक्षात त्या पटलातील चरबीच निरोपाचा कच्चा माल असते. मज्जातंतूकडून नॉरअ‍ॅड्रेनॅलिन आले, की पटलातील एका फॉस्फोलिपिडचे दोन तुकडे केले जातात. एक तुकडा, इनॉसिटॉल ट्रायफॉस्फेट, पाण्यात विरघळून पेशीच्या आत जातो आणि तिथल्या साठ्यातून कॅल्शियम सोडायला लावतो; दुसरा तुकडा, डायअ‍ॅसिलग्लिसेरॉल, स्निग्ध असल्याने पटलातच राहतो आणि तिथूनच प्रोटीन कायनेज-सी या विकराला कामाला लावून आकुंचन टिकवायला मदत करतो. पेशीला चेतवल्यावर पटलातल्या या चरबीची उलाढाल वाढते, हे होकिन दांपत्याने १९५३ मध्ये दाखवले होते, पण ती उलाढाल कशासाठी होते आणि तिच्यातून सुटणारा तुकडा कॅल्शियम कसे मोकळे करतो, हे सिद्ध व्हायला १९८३ साल उजाडले. तीस वर्षे एक खरे निरीक्षण अर्थाची वाट पाहत राहिले, याचे मला अजूनही फार वाटते. स्फिंगोसीन-१-फॉस्फेट आणि वर सांगितलेला थ्रॉम्बॉक्सेन हे रेणू आणखी एक गोष्ट करतात. ते रो-कायनेज नावाच्या विकराकरवी फॉस्फेट काढणाऱ्या हातालाच रोखतात, त्यामुळे कॅल्शियम न वाढताही पेशी घट्ट आवळलेली राहते.

तुमच्या गोळीचा संबंध येतो तो अ‍ॅराकिडोनिक आम्लापाशी. वीस कार्बनचे हे मेदाम्ल पेशींच्या पटलात ठिकठिकाणी अडकवून ठेवलेले असते. गरज पडली की ते सोडवले जाते आणि सायक्लोऑक्सिजनेज हे विकर त्याचे रूप पालटते. पुढे त्याचे काय होणार, हे ते कोणत्या पेशीत आहे यावर ठरते. धमनीच्या आतल्या अस्तरात त्याचे प्रोस्टासायक्लिन होते, जे स्नायूला सैल करते. प्लेटलेटमध्ये त्याचे थ्रॉम्बॉक्सेन होते, जे स्नायूला आवळते आणि प्लेटलेटना एकमेकींना चिकटवते. मूत्रपिंडात त्याचे मुख्यतः प्रोस्टाग्लँडिन ई-२ आणि प्रोस्टासायक्लिन होते. या दोघांमुळे मूत्रपिंडाला रक्त आणणारी सूक्ष्म वाहिनी उघडी राहते आणि जादा मीठ लघवीवाटे बाहेर पडते. दुखऱ्या सांध्यात हेच कुळ सूज आणि ठणका निर्माण करते. डायक्लोफेनॅक सायक्लोऑक्सिजनेजला रोखते, म्हणून गुडघा शांत होतो. पण ते गुडघा कोणता आणि मूत्रपिंड कोणते हे ओळखत नाही.

मी औषधशास्त्र शिकवत असताना उंदराच्या महाधमनीचे कडे कोमट, प्राणवायू सोडलेल्या द्रावणात टांगून विद्यार्थ्यांना दाखवत असे. नॉरअ‍ॅड्रेनॅलिनचे काही थेंब टाकले की आलेखाची रेषा चढे, मग अ‍ॅसिटिलकोलीन टाकले की ती उतरे. पण धमनीचे आतले अस्तर आधी हलकेच खरवडून काढले असेल, तर तेच अ‍ॅसिटिलकोलीन टाकूनही ती उतरत नसे, म्हणजे सैल होण्याचा निरोप अस्तराकडूनच येतो. हा धडा रॉबर्ट फर्चगॉट यांनी १९८० मध्ये सशाच्या महाधमनीवर दाखवून दिला होता. त्याआधी १९६९ मध्ये लंडनमध्ये प्रिसिला पायपर आणि जॉन वेन यांनी सशाच्या महाधमनीचीच पट्टी वापरून गिनिपिगच्या फुप्फुसातून सुटणारा एक पदार्थ टिपला, जो ती पट्टी आवळत असे आणि अ‍ॅस्पिरिन दिले की सुटतच नसे. वेन यांनी १९७१ मध्ये अ‍ॅस्पिरिन प्रोस्टाग्लँडिन बनू देत नाही हे सांगितले, स्वीडनमध्ये बेंग्ट सॅम्युएल्सन यांच्या गटाने १९७५ मध्ये थ्रॉम्बॉक्सेन ओळखले आणि १९७६ मध्ये वेन यांच्याच प्रयोगशाळेत प्रोस्टासायक्लिन सापडले. वेन, सॅम्युएल्सन आणि सुने बेरिस्ट्रॉम यांना १९८२ चे नोबेल मिळाले, ते या कामासाठी. तुमच्या गुडघ्याची गोळी आणि तुमचा रक्तदाब यांतला दुवा असा त्या धमनीच्या पट्टीवर पन्नास वर्षांपूर्वीच दिसलेला आहे.

आता तुमच्यापुरते. या गटातील वेदनाशामके नियमित घेतल्यास रक्तदाब सरासरी ५ मिलिमीटरच्या आसपास चढतो, असे अनेक चाचण्या एकत्र पाहून दिसले आहे. काहींमध्ये तो मुळीच चढत नाही आणि काहींमध्ये तुमच्यासारखा पुष्कळ चढतो, विशेषतः वय साठीच्या पुढे असेल आणि रक्तदाबाचे औषध मूत्रपिंडाच्या मार्गाने काम करणारे असेल तर. तुमच्या जोडगोळीतली दोन्ही औषधे तशीच आहेत. क्लोरथॅलिडोन मीठ बाहेर काढते आणि डायक्लोफेनॅक ते आत धरून ठेवते, म्हणजे सकाळची गोळी जे करते ते गुडघ्याची गोळी पुसून टाकते.

याहून मला अधिक काळजी वाटते ती मूत्रपिंडाची. मूत्रपिंडातल्या गाळणीला रक्त आणणारी वाहिनी प्रोस्टाग्लँडिन उघडी ठेवतात आणि गाळणीतून बाहेर जाणारी वाहिनी अँजिओटेन्सिन हे संप्रेरक थोडी आवळून ठेवते. गाळण्यासाठी लागणारा दाब या दोन टोकांच्या समतोलातून येतो. टेल्मिसार्टन या संप्रेरकाला अडवून बाहेरची वाहिनी सैल करते, क्लोरथॅलिडोन अंगातले पाणी कमी करते, आणि त्यात वेदनाशामकाने आत येणारी वाहिनीही आवळली, तर गाळणीचा दाबच पडतो. ही तिन्ही औषधे एकत्र आली की मूत्रपिंड अचानक निकामी होण्याचा धोका वाढतो हे सर्वमान्य आहे, आणि उलट्या, जुलाब किंवा वैशाखातल्या उन्हाने अंगातले पाणी कमी झाले असेल तर अधिकच. म्हणून लिपिड प्रोफाइलपेक्षा तुम्हाला या आठवड्यात क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासून घेण्याची गरज आहे. डॉक्टरांना तसे विचारा.

डायक्लोफेनॅक थांबवा आणि रक्तदाबाची गोळी मात्र एक दिवसही चुकवू नका. मेडिकलमध्ये कोणी 'पोटाला सोसणारी' म्हणून एटोरिकॉक्सिब सुचवले, तर ते घेऊ नका. त्या प्रकारची औषधे प्रामुख्याने सायक्लोऑक्सिजनेज-२ हा त्या विकराचा एकच प्रकार रोखतात, त्यामुळे अस्तरातले प्रोस्टासायक्लिन कमी होते आणि प्लेटलेटमधले थ्रॉम्बॉक्सेन तसेच राहते, म्हणजे सैल करणारा हात बांधला जातो आणि आवळणारा मोकळा राहतो. रोफेकॉक्सिब हे याच जातीचे औषध हृदयविकाराच्या धोक्यामुळे २००४ मध्ये जगभरातून मागे घेतले गेले, आणि एटोरिकॉक्सिब अनियंत्रित रक्तदाब असलेल्यांना देऊ नये असा इशारा आहे. गुडघ्यासाठी त्वचेवर लावायचे डायक्लोफेनॅकचे जेल विचारून घ्या, कारण त्यातले फार थोडे औषध रक्तात पोहोचते. पॅरासिटामॉल अधूनमधून चालेल, पण तेही रोज भरपूर घेण्याचे औषध नाही. एडिनबरा येथे झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रक्तदाबाच्या रुग्णांनी दोन आठवडे रोज ४ ग्रॅम घेतल्यावर त्यांचा वरचा आकडा सुमारे ५ ने चढला होता. पाण्यात फसफसणाऱ्या गोळ्या टाळा, त्यांत सोडियम पुष्कळ असते. आणि मांडीच्या पुढच्या स्नायूंचे व्यायाम एखाद्या फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या. गुडघ्यासाठी त्यांचा उपयोग लोक समजतात त्यापेक्षा पुष्कळ जास्त होतो.

यजमानांच्या अ‍ॅस्पिरिनचा प्रश्न तुम्ही फार नेमका विचारला आहे. अ‍ॅस्पिरिन सायक्लोऑक्सिजनेजला कायमचे निकामी करते. प्लेटलेटला केंद्रक नसते, तिला नवे विकर बनवता येत नाही, म्हणून तिचे थ्रॉम्बॉक्सेन तिच्या आठदहा दिवसांच्या आयुष्यभर बंद होते. अस्तराच्या पेशींना केंद्रक असते, त्या नवे विकर बनवून प्रोस्टासायक्लिन पुन्हा सुरू करतात. ७५ मिलिग्रॅमची छोटी मात्रा म्हणूनच निवडलेली आहे आणि ती वेदनाशामक म्हणून दिलेलीच नाही. पण आयबुप्रोफेन जर आधी जाऊन त्याच जागी बसले, तर अ‍ॅस्पिरिनला तिथे पोहोचताच येत नाही आणि स्टेंटचे रक्षण करणारे औषध त्या दिवशी वाया जाऊ शकते. साध्या अ‍ॅस्पिरिननंतर किमान अर्ध्या तासाने आयबुप्रोफेन घ्यावे, किंवा आयबुप्रोफेननंतर आठ तासांनी अ‍ॅस्पिरिन, असा एक नियम आहे, परंतु तो आतड्यात विरघळणाऱ्या आवरणाच्या गोळीला लावता येत नाही, आणि तशा गोळ्या आपल्याकडे सर्रास दिल्या जातात. ज्यांच्या हृदयात स्टेंट आहे त्यांनी आयबुप्रोफेन स्वतःहून घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अ‍ॅस्पिरिन बंद करायचे नाही. पाठीच्या दुखण्यासाठी काय घ्यायचे ते हृदयरोगतज्ज्ञांना विचारायचे.

तुपाविषयी म्हणाल, तर वरणभातावरचे चमचाभर तूप तुमच्या या रक्तदाबाचे कारण नव्हते आणि ते सोडल्याने तो उतरणारही नाही. म्हणून एलडीएलकडे दुर्लक्ष करावे असे मात्र नाही. एलडीएलचे ऑक्सिडीकरण झाले की त्यात लायसोफॉस्फॅटिडिलकोलीन नावाचा स्निग्ध रेणू वाढतो आणि तो अस्तराकडून मिळणारा सैल होण्याचा निरोप बिघडवतो. वर्षानुवर्षे असे चालले तर धमनी आवळायला शिकते आणि सैल व्हायला विसरते. मासे खात असाल तर आठवड्यातून दोनदा बांगडा किंवा तारली खा, तळून नव्हे. त्यांतल्या ईपीए या मेदाम्लापासून बनणारे थ्रॉम्बॉक्सेन ए-३ स्नायूला आणि प्लेटलेटना फारच कमी चेतवते. डॅनिश संशोधक बँग आणि डायरबर्ग यांनी १९७० च्या दशकात ग्रीनलँडच्या इनुइट लोकांचा अभ्यास करून याकडे जगाचे लक्ष वेधले. शाकाहारी असाल तर जवसाची चटणी चांगलीच आहे, परंतु जवसातल्या मेदाम्लाचे शरीरात ईपीए थोडेच होते, तेव्हा तिला औषध मानू नका, आणि चटणीत मीठ बेताने घाला. मीठ बाहेर टाकणारे प्रोस्टाग्लँडिन दोन महिने दबलेले होते, हे ध्यानात ठेवून सध्या पापड, लोणची आणि फरसाणही बाजूला ठेवा.

पुढचे दोन आठवडे घरी रोज सकाळी गोळी घेण्याआधी आणि संध्याकाळी, पाच मिनिटे शांत बसून, पाठ टेकवून, दोनदा रक्तदाब मोजा आणि वहीत लिहा. या काळात आकडा उतरायला हवा. सरासरी १३५/८५ च्या वरच राहिली, तर डॉक्टर अ‍ॅम्लोडिपिनसारखे औषध जोडण्याचा विचार करतील, जे स्नायूपेशीत बाहेरून शिरणाऱ्या कॅल्शियमचे दारच अडवते आणि ज्यावर वेदनाशामकांचा फारसा परिणाम होत नाही. आकडा १८०/१२० च्या पुढे गेला आणि छातीत दुखू लागले, धाप लागली किंवा बोलणे अडखळले, तर वही बाजूला ठेवून थेट रुग्णालय गाठा. डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून न्या, तुमच्या आणि यजमानांच्याही, अगदी सर्दीतापाच्या आणि कंबरदुखीच्या सुद्धा. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक पॅरासिटामॉलबरोबर एकाच गोळीत घालून निराळ्या नावांनी विकले जातात, आणि ते पट्टीच्या मागच्या बारीक अक्षरांतच सापडते.